जमिनीचा मालक मोजला, राहणारा कोण मोजणार?

सिंदेवाहीत चार कार्यकर्ते जमले की बोलणे पट्ट्यांवर येतेच. कोणाकडे नझूलचा कागद, कोणाकडे फक्त घरटॅक्सची पावती, कोणाकडे तीही नाही. अशा गावात उद्या कोणी म्हणाले, "पुढच्या विकासासाठी नगर पंचायतीने वस्तीची जमीन आत्ताच घेऊन ठेवावी," तर ते शहाणपणाचेच वाटेल. सार्वजनिक जमीन असली तर शाळेला, घरकुलाला जागा मिळते. माझा विरोध त्याला नाही. प्रश्न एवढाच, की त्या जमिनीवर आज राहणारा माणूस कोणत्या कागदावर मोजला जाणार?

हा प्रश्न सव्वाशे वर्षे जुना आहे. 1896 साली मुंबईत प्लेग आला आणि 1898 च्या कायद्याने मुंबई सुधार ट्रस्ट उभा राहिला. दाट वस्तीची जमीन सक्तीने घ्यायची, घरे पाडायची, रस्ते काढायचे, भूखंड भाडेपट्ट्याने द्यायचे, असे त्याचे काम. नागपाड्यात वस्त्या पाडल्या, सँडहर्स्ट रोड काढला. भरपाई घरमालकाला मिळाली. भाड्याने राहणाऱ्या मजुराच्या हाती बहुधा जागा सोडण्याची नोटीसच आली. सुरुवातीच्या दोन दशकांत ट्रस्टने जेवढी घरे पाडली तेवढी बांधली नाहीत. उठवलेली माणसे शेजारच्या चाळींत कोंबली गेली. म्हणजे दाटी हटली नाही, फक्त तिची जागा बदलली.

त्याच ट्रस्टने दादर-माटुंग्याला जमीन घेऊन भूखंड पाडले. तिथे पारशी कॉलनी, हिंदू कॉलनी उभ्या राहिल्या. भूखंड कोणाला परवडले, हे नावांवरूनच कळते. ट्रस्टने मजुरांसाठी चाळीही बांधल्या, हे खरे. परळच्या अशाच चाळीत बाबासाहेबांनी वीसेक वर्षे काढली आणि नंतर हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधले. पण एक बॅरिस्टर तिथे पोहोचला, म्हणून चाळीतल्या सर्वांसाठी दार उघडले असे होत नाही. पुढे 1936 च्या कायद्याने सुधार प्रन्यासाची हीच पद्धत विदर्भात नागपूरला आली.

1894 चा भूसंपादन कायदा मुख्यतः जमिनीवर हक्क सांगणाऱ्यालाच ओळखत होता. 2013 च्या कायद्याने हे बदलले. शहरी भागात संपादनाआधी किमान तीन वर्षे त्या जमिनीवर राहणारे कुटुंबही त्याने 'बाधित कुटुंब' मानले आणि सामाजिक परिणामांची पाहणी आणली. पण खरी मेख इथेच आहे. संपादन न करता मालकाशी वाटाघाटी करून जमीन थेट विकत घेतली, तर ही पाहणी आपोआप होत नाही. खरेदीखतावर मालकाची सही होते आणि राहणाऱ्याचे नाव कुठेच येत नाही. 1898 ची चूक 'खरेदी' या सभ्य नावाने परत येऊ शकते.

म्हणून आपली मागणी स्पष्ट हवी. खरेदीच्या ठरावाआधी घरोघर यादी व्हावी, ती वस्तीत वाचून दाखवावी, हरकती घ्याव्यात आणि पर्यायी घराची अट त्याच ठरावात लिहावी. मित्रांनो, तोवर आपणही थांबू नये. प्रत्येक घरातील वीजबिल, टॅक्स पावती, रेशनकार्ड, मुलांचे शाळेचे दाखले एकत्र लावा. तीन वर्षांचा पुरावा आजच तयार ठेवा. नोटीस आल्यावर कागद शोधणारी वस्ती हरते.

जय भीम!