मादागास्करचा काटेरी युफोर्बिया : कुंपणापासून कुंडीपर्यंत

‘युफोर्बिया मिली’ हे काटेरी, मांसल खोडाचे झुडूप मूळचे मादागास्कर बेटावरचे असून, रूपाने ते निवडुंगासारखे भासले तरी ते एरंड कुलातील आहे आणि खोड छेदताच पाझरणारा पांढरा, दाहक चीक ही त्याच्या प्रजातीची खूण होय. हिंदी महासागरातील बूर्बाँ, म्हणजे आजच्या रेयूनियन, या फ्रेंच वसाहतीचा गव्हर्नर बॅरन पिएर बर्नार मिलियस याने 1821 मध्ये ते फ्रान्समधील बोर्दो येथे पोचवले आणि 1826 मध्ये शार्ल दे मुलँ याने त्याचे शास्त्रीय वर्णन करताना त्यास मिलियसचेच नाव दिले.

युरोपात या झुडपाला काचगृहाची ऊब लागे. उष्ण प्रदेशांत मात्र जनावरे टाळतात अशा दाट काट्यांमुळे ते कुंपणाला उपयोगी पडले. त्याच्या शोभेच्या बाजूचा खरा विकास थायलंडमध्ये झाला. ज्यास सर्वसाधारणपणे फूल म्हटले जाते तो वस्तुतः सूक्ष्म फुलांचा पेल्यासारखा गुच्छ असून त्याखालील दोन रंगीत ‘पाकळ्या’ ही छदे, म्हणजे रूपांतरित पाने, असतात. थाई संवर्धकांनी संकर व निवड यांद्वारे ही छदे मोठी व नाना रंगांची केली, आणि चिनी परंपरेतील आठ सिद्धांशी नाते जोडून हे झाड भाग्यसूचक मानले गेल्याने त्याची मागणीही वाढली.

लागवडीची रीत मात्र मायभूमीच्या कोरड्या हवामानाशी सुसंगतच राहिली. आठ-दहा सेंटिमीटरचे छाट हातमोजे घालून घ्यावेत, चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये, काप पाण्याने धुऊन काही दिवस सावलीत सुकवावा आणि मगच वाळूमिश्रित, निचऱ्याच्या मातीत लावावा. भरपूर ऊन द्यावे व माती सुकल्यावरच पाणी घालावे, कारण साचलेल्या पाण्याने मुळे कुजतात आणि तापमान 10 अंश सेल्सिअसखाली गेल्यास पाने गळतात.

छाटापासून होणाऱ्या या सुलभ अभिवृद्धीमुळेच रोपवाटिकांचा व्यापार रानातील झाडांवर अवलंबून राहिला नाही. दुर्मीळ जीवजातींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराने मांसल युफोर्बियांवर निर्बंध घातले असले, तरी कृत्रिमरीत्या वाढवल्याचे स्पष्ट ओळखू येणाऱ्या ‘मिली’च्या लागवडीतील वाणांना, शंभर किंवा अधिक रोपांच्या खेपेत पाठवल्यास, त्यातून सूट आहे.