मुलूख-मैदान तोफेची वाट

एखादी जुनी, लांबरुंद व एके काळीं भपक्यानें मिरविलेली मोटार हल्लीं प्रदर्शनास न्यावयाची झाली म्हणजे ती आपल्या चाकांवर जात नाहीं. भाड्यानें आणिलेल्या ठेंगण्या गाड्यावर तिला चढवितात, सांखळ्यांनीं जखडतात, पुढें दुसरें वाहन जोडतात. आणि जिनें पूर्वीं वाटेंतलीं माणसें भोंगा वाजवून बाजूस सारलीं तीच आतां मुकाट्यानें दुसऱ्याच्या मागून ओढली जाते. हा देखावा पाहून हंसूं येतें खरें. पण जें स्वतः चालूं शकत नाहीं, किंवा चालविणें परवडत नाहीं, असें मोठें ओझें एका जागेहून दुसऱ्या जागीं कसें न्यावें, हा प्रश्न मोटारींहून फार जुना आहे. अहमदनगरच्या इतिहासांत तर तो वारंवार येतो. या शहराचें सरकारी नांव आतां अहिल्यानगर झालें आहे. परंतु आम्ही ज्या काळाविषयीं लिहीत आहों त्या काळाचें नांवच येथें सोयीचें पडेल.

नगरास १९९४ सालीं रणगाड्यांचें संग्रहालय स्थापन झालें. त्यांत रोल्स-रॉइस कंपनीची एक चिलखती मोटार आहे. इंग्रजांचे व जपान्यांचे जुने रणगाडे आहेत. आपल्या सैन्यानें १९६५ च्या युद्धांत पाडाव केलेल्या पॅटन जातीचाहि नमुना तेथें दिसतो. या यंत्रांपैकीं सेंच्युरियन नांवाच्या रणगाड्याचें वजन सुमारें पन्नास टन भरतें. शेतें-नाले तुडवीत जाणारा हा प्राणी लांबच्या प्रवासास मात्र निरुपयोगी होय. स्वतःच्या पट्ट्यांवर तो दूर नेला तर पट्टे झिजतात आणि सडक उखडते. म्हणून त्याला आगगाडीच्या उघड्या वाघिणीवर किंवा पुष्कळ चाकांच्या गाड्यावर निजवूनच न्यावें लागतें. दौंड-मनमाडचा लोहमार्ग १८७८ सालीं झाला, तेव्हांपासून नगरास ही सोय आहे.

परंतु तितक्याच वजनाची एक वस्तु याच नगरांतून, लोहमार्ग व डांबरी सडक यांचें स्वप्नहि कोणास पडलें नव्हतें अशा काळीं, दूर देशीं गेली आहे. ती वस्तु म्हणजे मुलूख-मैदान तोफ. ज्याच्या वक्तृत्वापुढें प्रतिपक्षाचा टिकाव लागत नाहीं त्याला आपण आजहि ‘मुलुखमैदान’ म्हणतों. तोफ आज विजापुरास असल्यामुळें ती विजापूरकरांची असा सर्वांचा समज असतो. वस्तुतः ती नगरची लेक. बुऱ्हाण निजामशहाच्या अमदानींत, इ. स. १५४९ मध्यें, महंमद बिन हसन रूमी या तुर्की ओतकाऱ्यानें ती नगरास ओतली, असें तिच्यावरील लेखच सांगतो. तिचें तोंड म्हणजे जबडा पसरलेल्या हिंस्र पशूचें मुख. दातांत हत्ती चिरडला जात आहे असें कोरलेलें आहे.

तिच्या वजनाविषयीं जे आंकडे सांगतात ते ऐकून कोणासहि अतिशयोक्तीचा संशय येईल. आम्हांसहि आला होता, म्हणून आम्हीं हिशेब करून पाहिला. तोफेची लांबी सुमारें १४ फूट ४ इंच, बाहेरचा व्यास पांच फुटांहून किंचित् कमी, नळीचा व्यास सुमारें २ फूट ४ इंच. आंतील दारूची कोठी याहूनहि अरुंद. पोकळी वजा करितां भरीव धातु दोनशें दहा ते सव्वादोनशें घनफूट उरते. ही धातु म्हणजे चार भाग तांबें व एक भाग कथील, अर्थात् घंटेचें कांसें. बोटानें टिचकी मारली तरी तोफ घणघणते ती यामुळेंच. असें कांसें दर घनफुटास साडेपांचशें पौंडांच्या आंतबाहेर भरतें. गुणाकार केला म्हणजे पन्नास ते पंचावन टन हा आंकडा आपोआप हातीं येतो. परंपरेचा आंकडा पंचावनचा आहे. तात्पर्य, एक सेंच्युरियन रणगाडा. पण यंत्रावांचून, आणि बहुधा अशा वाटेवर कीं जिच्यावर बैलगाडीच्या चाकोऱ्यांपलीकडे कांहीं नसावें.

नगरचा किल्ला इ. स. १६०० मध्यें मोंगलांच्या हातीं पडल्यावर निजामशाहीचें राज्य कांहीं काळ परांड्याच्या किल्ल्यांतून चाललें, आणि तोफहि तेथेंच जाऊन बसली. नगर सीनेच्या डाव्या तीरावर आहे व परांडेंहि सीनेच्या पूर्वेसच. तेव्हां नदीचा तोच कांठ धरून चालल्यास सीना ओलांडण्याचें टळतें, मात्र मेहेकरीसारखे तिचे फांटे चुकत नाहींत. सरळ रेषेनें मोजलें तरी हें अंतर सत्तर मैलांहून अधिक. पुढें परांडें आदिलशाहीच्या ताब्यांत गेलें, आणि १६३२ मध्यें मुरार जगदेवानें तोफ तेथून हलवून विजापुरास नेली. हें अंतर शंभर मैलांचें, आणि मध्यें भीमेचें पात्र. तालिकोटच्या १५६५ च्या लढाईंत ही तोफ धडाडली असें पुष्कळ ठिकाणीं सांगितलेलें आढळतें. निजामशहाच्या तोफखान्यानें त्या दिवशीं मोठें काम केलें यांत संशय नाहीं, पण हें पन्नास टनांचें धूड कृष्णाकांठापर्यंत नेऊन माघारी आणलें, हें आमच्या गळीं उतरत नाहीं. रणांगणांत नाचवावयाची तोफ निराळी आणि बुरुजावर बसवावयाची निराळी.

मुरार जगदेव हा माणूस ओझ्यांच्या बाबतींत मोठा हौशी दिसतो. भीमा-इंद्रायणीच्या संगमावर त्यानें हत्तीची तुला केली, आणि हत्ती तोलावा कसा ही अडचण पडली तेव्हां शहाजी राजांनीं युक्ति काढली कीं हत्ती नावेंत उभा करावा, नाव पाण्यांत जेथवर बुडेल तेथें खूण करावी, मग हत्ती उतरवून त्या खुणेपर्यंत नावेंत दगड भरावे. असें बखरकार सांगतात. त्या तुलेवरूनच नागरगांवाचें तुळापूर झालें. तोफ नेण्याचें कामहि याच सुमारास याच्याच हातून व्हावें, ही गंमत आम्हांस नमूद करावीशी वाटली.

दहा हत्ती, चारशें बैल आणि शेंकडों माणसें लावून तोफ विजापुरास ओढीत नेली, अशी परंपरा आहे. येथेंहि हिशेब करण्यासारखा आहे. गाड्यासुद्धां ओझें साठ टन धरूं. कठीण, कोरड्या जमिनीवर ओझ्याच्या दशांशाइतकी, म्हणजे सहा टनांची ओढ लागेल. भुसभुशीत रेगडींत तिच्या दुप्पट. चांगला बैल दिवसभर सतत ओढावयाचा तर आपल्या वजनाच्या दशांशाइतकें, म्हणजे ऐंशीं-नव्वद पौंड ओढतो. चारशें बैलांची मिळून पंधरा टन ओढ झाली. पण शेंकडों जनावरें एका दोरास जुंपलीं कीं सर्वांचें पाऊल एकदम पडत नाहीं, आणि तिसरा हिस्सा तरी वायां जातो. उरले दहा टन. म्हणजे कोरड्या वाटेनें तोफ चालेल, रेगडींत रुतेल, आणि रुतली म्हणजे हत्तींचें काम निघेल. फ्रेंच प्रवासी बर्नियर यानें औरंगजेबाच्या स्वारीबरोबर जातांना हेंच पाहिलें: जड तोफांना विसावीस जोड्या बैल जुंपलेले, आणि चढावर किंवा चिखलांत गाडा अडला म्हणजे हत्ती मागून डोक्यानें व सोंडेनें चाकांस रेटा देत. परंपरेचे आंकडे कोणी उगाच रचलेले नसावेत, असें यावरून आमचें मत झालें.

भीमा मात्र आंकड्यांनीं ओलांडतां येत नाहीं. या तोफेची एक बहीण ‘कडक बिजली’ होती, आणि ती नदी उतरतांना बुडाली ती बुडालीच, अशी दंतकथा आहे. नदीच्या वाळूंत चाक एकदां बसलें म्हणजे मागचा हत्तीहि रुततो. म्हणून अशी कामें पावसाळा सरल्यावर, पाणी ओसरून उतार उघडे पडल्यावरच हातीं घ्यावीं लागत.

या सर्व कथेंत एक गोष्ट कोणी सांगत नाहीं. तोफ कोणाची, ओतली कोणीं, नेली कोणीं, हें धातूवर आणि कागदावर आहे. चारशें बैल कोणाचे होते हें मात्र कोठेंहि नाहीं. चारशें बैलांस दररोज पावणेतीन टन तरी कडबा लागतो. रोज दोन कोस मजल धरली तरी हा काफला महिनाभर वाटेवर राहणार. तितके दिवस तितका कडबा वाटेवरच्या गांवांनींच पुरविला असला पाहिजे. वेठीनें धरलेला बैल परत आला तर पेरणी, न आला तर शेत पडीक. तोही काळ दुष्काळाचा: १६३० पासूनचीं तीन वर्षें दख्खनेंत माणसांस अन्न व गुरांस चारा मिळत नव्हता. आणि त्याच काळांत तोफेसाठीं चारशें पुष्ट बैल उभे राहिले! ते ज्यांच्या गोठ्यांतून सुटले त्यांची स्थिति वाचकांनींच मनांत आणावी.

बैलांचा हा प्रश्न पुढें नगरच्याच तटाखालीं एका इंग्रज सेनापतीस पडला, आणि त्यानें तो लिहून ठेवला हें आपलें भाग्य. आर्थर वेलस्ली १८०३ च्या पावसाळ्यांत नगरावर चालून आला तेव्हां पावसानें त्याचें सैन्य वाळकीजवळ अडकून पडलें होतें. त्यानें ८ ऑगस्टला पेठ शिड्या लावून घेतली आणि १२ ऑगस्टला किल्ला. इतिहासाचीं पुस्तकें येथें शिड्यांचें व शौर्याचें वर्णन करितात. वेलस्लीचीं स्वतःचीं पत्रें पाहावींत तर त्यांत बैलच बैल. सैन्याच्या वेगाचा आधार जनावरांवर आहे, व जनावरांचा त्यांच्या निगेवर, हें तो पुनःपुन्हां बजावतो. तोफांसाठीं त्याचा भर टिपूच्या अमृतमहालांतून हातीं आलेल्या म्हैसुरी बैलांवर होता. बाकीचें सामान भाड्याच्या बैलांवर चाले, धान्य वंजाऱ्यांच्या तांड्यांवर.

भाड्याच्या जनावराची गोष्ट निराळीच असते. सरकारी बैल मेला तर सरकारचा मेला. भाड्याचा मेला तर धनी बुडाला. म्हणून तो धनी बैलास जपणार, चिखलांत घालावयास कुरकुरणार, आणि तोफांचा आवाज जवळ आला कीं रातोरात गुरें घेऊन घर गांठणार. इंग्रज अंमलदार यास बेइमानी म्हणत. आम्हांस तो साधा हिशेब वाटतो; ज्याच्या घरीं दोनच बैल आहेत त्यानें दुसऱ्याच्या लढाईसाठीं ते कां गमवावे? पुढें २३ सप्टेंबरला आसईच्या रणांत वेलस्लीच्या तोफांचे बैलच शिंद्यांच्या तोफखान्यानें टिपले. तोफा जागच्या जागीं राहिल्या आणि पायदळास त्यांच्यावांचून पुढें जावें लागलें. जय मिळाला, पण फार मोठ्या प्राणहानीनें.

मुलूख-मैदान विजापुरास पोंचली ती पुन्हां हलली नाहीं. औरंगजेबानें १६८६ मध्यें विजापूर घेतलें. त्यानें तोफेवर आपल्या विजयाचा लेख खोदविला आणि तिला तेथेंच राहूं दिलें. त्याचा अवजड तोफखाना दख्खनभर फिरत होता, पण हें ओझें त्यानेंहि उचललें नाहीं. इंग्रजांनीं १८२३ च्या सुमारास ती विलायतेस राजाकडे नजराणा म्हणून धाडण्याचा बेत केला. रस्त्यांची स्थिति पाहून तो सोडावा लागला. पुढें १८५४ मध्यें ती मोडींत काढून लिलावांत मांडली, तेव्हां शेवटची बोली दीडशें रुपयांची झाली. पन्नास टन कांशाचे दीडशें रुपये! बोली बोलणारास धातूचें मोल ठाऊक नव्हतें असें नव्हे. ती धातु तेथून उचलण्यास काय पडेल, तें वजा जातां एवढेंच उरलें असावें. ही किंमत अगदींच हास्यास्पद वाटून म्हणा, किंवा कोणा अधिकाऱ्यास तोफेची कींव येऊन म्हणा, तो लिलाव रद्द झाला. शेरझा बुरुजावर ती आजहि आहे. हत्ती दातांत धरून ती परमुलखाकडे तोंड करून बसली आहे, आणि पाहावयास आलेलीं मुलें तिच्या नळींत डोकें घालून हांका मारतात.