पक्षाघात आणि दाट रक्त : एका छुप्या कर्करोगाच्या शोधाची कथा

१/ पक्षाघाताचा झटका आला की रक्तदाब, मधुमेह, तंबाखू ही कारणे प्रथम तपासली जातात आणि बहुधा तीच खरी ठरतात. मात्र थोड्या रुग्णांत मूळ दोष रक्तातच असतो. अस्थिमज्जेतील एक संथ कर्करोग वर्षानुवर्षे मुकाट वाढतो आणि मेंदूत अडकलेली गुठळी ही त्याची पहिली खूण ठरते. त्याचे नाव पॉलिसायथेमिया व्हेरा.

२/ १८९२, पॅरिस. लुई आंरी वाकेझ यांनी एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली : निळसर चेहरा, फुगलेल्या शिरा आणि तांबड्या पेशींची कायमची अतिवाढ. हृदयात जन्मजात दोष असावा, हा त्यांचा पहिला तर्क. पुढे शवविच्छेदनात हृदय निर्दोष आढळले. दोष रक्त घडवणाऱ्या यंत्रणेतच होता.

३/ १९०३ मध्ये बाल्टिमोरच्या विल्यम ऑस्लर यांनी असे चार रुग्ण मांडून हा स्वतंत्र आजार असल्याचे प्रतिपादन केले. तरी त्याला कर्करोगांच्या शेजारी बसवायला अर्धे शतक जावे लागले. १९५१ मध्ये अमेरिकन रक्ततज्ज्ञ विल्यम डॅमशेक यांनी मज्जेतील पेशींच्या बेबंद वाढीचे आजार एकाच कुटुंबातले मानले.

४/ या आजाराचा पक्षाघाताशी संबंध कसा? रक्तातील तांबड्या पेशींचा टक्का म्हणजे हिमॅटोक्रिट. तो चढला की रक्त दाट होते आणि प्रवाह मंदावतो. त्यात पांढऱ्या पेशी व प्लेटलेटही बिघडलेल्या असल्याने गुठळी सहज धरते. १९७८ मध्ये पिअर्सन व वेदरली-मीन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये दाखवले की हिमॅटोक्रिट जितका अधिक, तितक्या रक्तवाहिन्या तुंबण्याच्या घटना अधिक.

५/ कारण सापडले २००५ मध्ये. चार संशोधकगटांनी जवळपास एकाच वेळी जेएके२ जनुकातील एक बदल शोधला. एका अक्षराच्या या चुकीमुळे पेशींना ‘वाढत राहा’ हा संदेश अखंड मिळतो. या आजाराच्या सुमारे ९५ टक्के रुग्णांत हा बदल आढळतो आणि तो साध्या रक्तनमुन्यातून तपासता येतो.

६/ उपचार मात्र प्राचीन : शिरेतून रक्त काढणे. इतर बहुतेक रोगांत कालबाह्य ठरलेला हा उपाय येथे टिकला. २०१३ मध्ये इटलीतील ३६५ रुग्णांच्या चाचणीने त्याची मर्यादाही ठरवली. हिमॅटोक्रिट ४५ टक्क्यांखाली ठेवलेल्यांच्या तुलनेत ४५ ते ५० दरम्यान असलेल्यांत हृदय-रक्तवाहिन्यांमुळे होणारे मृत्यू व मोठ्या गुठळ्या सुमारे चौपट होत्या. अल्प मात्रेतील ॲस्पिरिनचा लाभ २००४ मध्येच सिद्ध झाला होता.

७/ दाट रक्त म्हणजे कर्करोगच, असे नव्हे. धूम्रपान, फुप्फुसांचे विकार, शरीरातील पाण्याची कमतरता यांनीही हा आकडा चढतो. परंतु पक्षाघातानंतर होणाऱ्या सीबीसीच्या अहवालात तो छापलेला असतोच. तो सतत चढा असेल आणि कारण उमगत नसेल, तर डॉक्टरांना तेवढे विचारावे. वाकेझ यांना शवविच्छेदनापर्यंत थांबावे लागले होते. आज जिवंतपणी उत्तर मिळते आणि दुसरा झटका टाळण्याची संधीही.