घरदुरुस्तीचे वाढीव देयक : कायदेशीर तरतुदी

गळती थांबवणे, फरशा बदलणे, रंगकाम अशा कामांसाठी ठेकेदाराने सुरुवातीला सांगितलेली रक्कम आणि अखेरीस हाती पडणारे देयक यांतील तफावतीवरून होणारे वाद देशात मुख्यतः दोन कायद्यांच्या आधारे हाताळले जातात : भारतीय करार कायदा, १८७२ आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९.

अशा वादात ठरलेल्या रकमेचे स्वरूप प्रथम पाहिले जाते. ठोक रकमेचा करार असल्यास साहित्य महागण्याची किंवा मजूर अधिक दिवस लागण्याची जोखीम सर्वसाधारणपणे ठेकेदाराची असते. चौरस फुटावर किंवा ब्रासवर दर ठरला असल्यास अंतिम रक्कम प्रत्यक्ष मोजणीवर अवलंबून राहते. कागदावर दर असतो, मात्र मोजणीची पद्धत नसते, आणि बरेच तंटे नेमके येथे सुरू होतात. दारे-खिडक्यांची वजावट हे त्याचे ठळक उदाहरण. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १२०० या मानकातील गिलाव्याविषयीच्या भागानुसार ०.५ चौरस मीटरपर्यंतच्या मोकळ्या भागाची वजावट केली जात नाही, ०.५ ते ३ चौरस मीटरपर्यंत ती एकाच बाजूची केली जाते. मात्र करारात उल्लेख नसल्यास हे मानक आपोआप बंधनकारक ठरत नाही.

जादा कामाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. करार कायद्याच्या कलम ६२ नुसार करारात बदल करण्यास उभय पक्षांची संमती आवश्यक असते. ही संमती तोंडीही असू शकते. अडचण असते ती पुराव्याची. त्यामुळे भ्रमणध्वनीवरील साधा संदेशही येथे मोलाचा ठरतो. दुसरीकडे, विनामूल्य करण्याचा हेतू नसलेल्या कामाचा लाभ घेणाऱ्याने त्याची भरपाई केली पाहिजे, असे कलम ७० सांगते. बंगालच्या नागरी पुरवठा विभागासाठी वैध कराराविना बांधकामे करणाऱ्या बी. के. मंडल अँड सन्स या ठेकेदाराच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये याच कलमाच्या आधारे निर्णय दिला. लाभ नाकारण्याची संधी असूनही तो स्वीकारला गेला, हा त्यातील महत्त्वाचा मुद्दा होता. भिंतीवर चढलेला गिलावा परत करता येत नाही, हे ध्यानात घेता, न सांगितलेले काम सुरू झाल्याचे दिसताच घरमालकाने लेखी हरकत घेणे इष्ट. काम पूर्ण होऊ देऊन देयकाच्या वेळी केलेली तक्रार बरीच दुबळी ठरते.

मोबदला घेऊन सेवा देणाऱ्या ठेकेदाराविरुद्ध ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. दिलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते, आणि ५ लाख रुपयांपर्यंत शुल्क आकारले जात नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत आहे. ग्राहक राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो, त्या ठिकाणच्या आयोगाकडेही तक्रार दाखल करता येते. तत्पूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर सल्ला घेता येतो. मात्र घरमालकाने स्वतःच्या देखरेखीखाली रोजंदारीवर लावलेला कारागीर हा वैयक्तिक सेवेच्या करारात मोडत असल्यास हा कायदा लागू होत नाही.

ठेकेदाराला थकीत रकमेसाठी दिवाणी न्यायालयाचा मार्ग खुला असतो. देय दिनांक ठरलेला नसल्यास काम पूर्ण झाल्यापासून ३ वर्षांत दावा करावा लागतो. वादातीत रक्कम पावती घेऊन चुकती करणे आणि उरलेल्या रकमेबाबतची हरकत लेखी नोंदवणे हा घरमालकासाठी सुरक्षित मार्ग होय. संपूर्ण देयक अडवून धरल्यास त्याचीच बाजू कमकुवत होऊ शकते. दुरुस्तीसाठी ताब्यात दिलेली वस्तू मेहनताना मिळेपर्यंत राखून ठेवण्याचा अधिकार कलम १७० कारागिराला देते. हा अधिकार दुकानात नेलेल्या पंख्याला लागू होतो, घराला नव्हे. त्यामुळे देयकापोटी घराच्या चाव्या अडवून ठेवण्यास या कलमाचा आधार मिळत नाही.