पाचवी-आठवीत मूल नापास झाले तर पुढे काय?

साक्री तालुक्यातील पिंपळनेर असो की मुंबई, राज्य अभ्यासक्रमाच्या शाळांत पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा आता उत्तीर्ण व्हावीच लागते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवीपर्यंत कोणालाही त्याच वर्गात ठेवता येत नव्हते. २०१९ मध्ये केंद्राने कायदा बदलला, २०२३ मध्ये महाराष्ट्राने नियम.

किती गुण हवेत?
पाचवीत प्रत्येक विषय ५० गुणांचा, आठवीत ६० गुणांचा. त्यांतले १० गुण तोंडी किंवा प्रात्यक्षिकाचे. उत्तीर्ण होण्यासाठी ३५ टक्के, म्हणजे पाचवीत १८ आणि आठवीत २१ गुण लागतात.

कमी पडले तर?
शाळा जादा मार्गदर्शन करते आणि निकालानंतर दोन महिन्यांत पुनर्परीक्षा घेते. त्यातही अपयश आले, तर मूल त्याच वर्गात राहते. मात्र प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत त्याला शाळेतून काढता येत नाही.

पालकांनी काय करावे?
घरात अहिराणी बोलत असाल तर धडा आधी अहिराणीतच समजावा, मग उत्तर पुस्तकी मराठीत लिहून घ्या. रोज दोन उत्तरे तोंडी विचारा. मूल नापास झाले असेल, तर सुट्टीत गावाला जाण्याआधी पुनर्परीक्षेची तारीख शाळेत विचारून ठेवा.