फॉर्म भरणारी आई

मुलाला घेऊन आई बालमानसतज्ज्ञाकडे येते. तिच्या हाती प्रश्नावली दिली जाते. मूल वस्तू हरवते का? हाती घेतलेले काम अर्धवट टाकते का? ती खुणा करत जाते आणि चौथ्या-पाचव्या प्रश्नावर थबकते, कारण हे सगळे वर्णन तिचेच आहे. एडीएचडीच्या, म्हणजे अवधानदोष आणि अतिचंचलतेच्या स्थितीच्या, अभ्यासकांना हा प्रसंग परिचयाचा आहे. कित्येक स्त्रियांचे निदान तिशी-चाळिशीत असे मुलाच्या निदानामागोमाग होते. जुळ्यांच्या अभ्यासांतून या स्थितीतला आनुवंशिकतेचा वाटा 70 ते 80 टक्के दिसला आहे, तेव्हा हे अपेक्षितच म्हणायला हवे. तरीही फॉर्म भरणाऱ्या बाईकडे शास्त्राने दीर्घकाळ केवळ मुलाची माहिती पुरवणारी म्हणून पाहिले.

1968 च्या अमेरिकन निदानपुस्तिकेने ही स्थिती 'बालपणा'च्या खात्यातच टाकली होती. चंचलतेविना असणारा अवधानदोष 1980 मध्ये मान्य झाला, आणि वर्गात गुपचूप बसून खिडकीबाहेर पाहणाऱ्या मुलीला निदान कागदोपत्री तरी जागा मिळाली. मानसोपचारक सारी सोल्डन यांचे अवधानदोष असलेल्या स्त्रियांविषयीचे पुस्तक आले 1995 मध्ये. त्याच दशकात मानसशास्त्रज्ञ स्टीफन हिनशॉ यांनी बर्कलीत मुलींचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला. म्हणजे हे क्षेत्र तरुण आहे, आणि नव्या अभ्यासकाला इथे करण्यासारखे पुष्कळ आहे.

सुरुवात कुठून करावी? माझ्या मते शरमेपासून. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री निरोप येतो: उद्या पांढरे बूट. आई तो वाचते, कुकर उतरवला की बूट काढून ठेवू म्हणते, आणि कुकर उतरेपर्यंत निरोप डोक्यातून गेलेला असतो. सकाळी रिक्षा दाराशी, बूट सापडत नाहीत, ती मुलावरच खेकसते आणि तो गेल्यावर न्हाणीघरात जाऊन रडते. बूट संध्याकाळी सापडतात. 'मी आई व्हायच्या लायकीची नाही' हे मात्र मनातून जात नाही. लहानपणापासून 'धांदरट', 'वेंधळी' ऐकत आलेल्या मनावर त्याचा आणखी एक थर चढतो.

डबा, लसीची तारीख, फी, सासूबाईंच्या गोळ्या हे सारे लक्षात ठेवणे आपल्याकडे आईचे काम मानले जाते, आणि एडीएचडीत नेमकी तीच क्षमता दुबळी असते. विसराळू बापाला आठवण करून द्यायला घरात बायको असते. विसराळू आईला कोण असते? त्यात भावना आवरण्याची अडचण. ती एडीएचडीच्या गाभ्यातलीच आहे, असे मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली वर्षानुवर्षे मांडत आले आहेत. मिक्सर, टीव्ही आणि मुलाचे रडणे एकदम कानावर आदळले की अशा आईचा तोल क्षणात जातो, आणि पश्चात्ताप दिवसभर पुरतो. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील नोंदींच्या मोठ्या अभ्यासात, प्रसूतीनंतर नैराश्याचे निदान एडीएचडी असलेल्या सुमारे 17 टक्के स्त्रियांत आढळले. इतरांत ते सुमारे 3 टक्के होते.

उपचारातही एक पेच आहे. मुलासाठी पालक-प्रशिक्षण सुचवले जाते: रोज तक्ता भरा, नियम बदलू नका, शांत राहा. सातत्य हीच जिची अडचण, तिच्याकडेच सातत्य मागायचे. मेरीलँड विद्यापीठातील अँड्रिया क्रोनिस-टस्कॅनो यांच्या संशोधनात आईची लक्षणे तीव्र असतील तिथे अशा प्रशिक्षणाचा लाभ कमी दिसला. हा दोष मी आईच्या माथी मारणार नाही. तिला वगळून आखलेल्या उपचाराचा तो दोष आहे.

आपल्याकडे वाट अधिक अवघड आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता आहेत, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. मग प्रौढ स्त्रीच्या एडीएचडीची दखल कोण घेणार? दुसऱ्या बाजूने, रील पाहून स्वतःच निदान करण्याची घाईही नको. थायरॉइड, नैराश्य, तान्ह्या बाळामागची जागरणे यांनीही लक्ष उडते. एडीएचडीची काही लक्षणे वयाच्या 12 वर्षांआधीपासून असावी लागतात.

समुपदेशक, डॉक्टर, विद्यार्थी म्हणून या विषयाकडे येणाऱ्या प्रत्येकाचे स्वागत. एक विनंती आहे. मुलाची फाइल उघडाल तेव्हा आईलाही तिच्या शाळेच्या दिवसांबद्दल विचारा, आणि ती बोलत असताना घड्याळाकडे पाहू नका. आणि वाचणारी स्वतः अशी आई असेल, तर बाई, तपासणीसाठी मुलाच्या नावाची वेळ घेताना एक वेळ स्वतःच्या नावानेही घ्या.