वारीचा संस्कार आणि आपले आचरण

सत्य, दया, क्षमा हे शब्द मनुष्य शाळेत शिकतो. परंतु त्या शब्दांप्रमाणे वागावयास त्यास त्याचा समाज शिकवितो. अनेक वर्षे अध्यापन केल्यावर माझी खात्री झाली आहे की, मुलाच्या मनात पाठांतरापेक्षा घरातील नित्याचा आचारच अधिक खोल रुजतो. अशा पिढ्यानुपिढ्यांच्या आचारातून संस्कृती घडते आणि तीच पुढे माणसाला घडविते. तिचे सामर्थ्य व तिची मर्यादा ही दोन्ही पंढरीच्या वारीत स्पष्ट दिसतात.

तुकोबारायांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखी सोहळा सुरू केला, अशी परंपरा आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी आळंदीच्या पालखीस शिस्तबद्ध स्वरूप दिले. दिंड्यांचे क्रम ठरले, भजनाचे नियम ठरले. मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदाराने दंड उंचावताच प्रचंड समुदाय निःशब्द होतो. एखाद्या दिंडीची तक्रार असल्यास तिचे टाळ तेवढे वाजत राहतात. मग चोपदार जाऊन विचारपूस करितो. ही शिस्त दंडाच्या भयाने आलेली नाही. गळ्यात तुळशीची माळ पडली की मद्य-मांस सुटते, एकादशी धरली जाते आणि वयाने वडील असलेला वारकरीही धाकट्याच्या पाया पडतो. उपदेशाने जे सहसा साधत नाही, ते येथे सहवासाने साधते.

परंतु याच भक्तिमार्गातील थोर संत चोखोबा यांना मंदिराबाहेर राहावे लागले व त्यांची समाधीही महाद्वारापाशी, बाहेरच आहे. इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ या लेखात आपल्या दिंडीचे वर्णन केले आहे. वाटेने एकत्र भजन करणारे ब्राह्मण व मराठे भोजनास मात्र वेगवेगळे बसत. अखेर साने गुरुजींना मे १९४७ मध्ये पंढरपुरी प्राणांतिक उपोषण आरंभावे लागले, तेव्हा कोठे विठ्ठलमंदिराचे द्वार अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुले झाले.

हे सांगताना इतरांकडे बोट दाखविण्याचा माझा हेतू नाही. माझे वडील माळकरी होते. ते असत्य बोलल्याचे मला स्मरत नाही. तथापि आमच्या पडवीच्या कोनाड्यात एक कपबशी निराळी ठेवलेली असे आणि शेतावरील गड्यास मी बालपणी वरून पाणी ओतीत असे. तसे करण्यास मला कोणीही शिकविले नव्हते. मी केवळ पाहिले होते. ज्या घराने मला सत्य शिकविले, त्याच घराने मला हेही शिकविले. त्या गड्याच्या पुढे केलेल्या ओंजळीचे स्मरण झाले की आजही मान खाली जाते.

ज्ञातिबंधु-भगिनींनो, पूर्वजांचा वारसा सांभाळणे हे आपल्या संस्थेचे कर्तव्य खरेच. परंतु वारसा निवडून घ्यावा लागतो. धान्य पाखडूनच दळावयाचे असते. हुंड्याची बोलणी आपण मुलांसमोर बसून करितो, इतरांविषयी हलके शब्द त्यांच्या देखत उच्चारितो, आणि मग व्यासपीठावरून समतेची भाषणे देतो. मुले भाषण विसरतील. पाहिलेले विसरणार नाहीत. आपल्या घरातील कोनाडे आज रिकामे आहेत काय, हे प्रत्येकाने स्वतःच पाहावे.